तांब्याची टोपी आणि इतर मतभेद

ब्रिटिश रेल्वेने ११ ऑगस्ट १९६८ रोजी मुख्य मार्गावर वाफेच्या इंजिनाची शेवटची प्रवासी गाडी चालवली आणि त्यानंतर ही इंजिने नोकरीतून निवृत्त झाली. मात्र त्यांच्यापैकी कोणते श्रेष्ठ, या वादाला निवृत्तीचे वय लावण्याचे कोणालाही सुचले नाही. निवाडा करू शकली असती अशी बहुतेक इंजिने भंगारात गेली, ती घडवणारे अभियंते काळाच्या पडद्याआड गेले, त्यांच्या कंपन्या तर १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातच विलीन झाल्या होत्या, आणि तरीही रविवारी सकाळी जतन करून ठेवलेल्या एखाद्या छोट्या मार्गाच्या फलाटावर, थर्मासमधला चहा निवत असताना, दोन सभ्य गृहस्थ झडपेच्या इंचभर हालचालीवरून एकमेकांची यथेच्छ टर उडवताना आढळतात. या मंडळींत निवृत्त शिक्षक, सिग्नलमन, हिशेबनीस असे सर्व असतात, आणि धर्मगुरूंची परंपरा तर ठळकच आहे: ‘थॉमस’ या बोलक्या इंजिनाचे जनक विल्बर्ट ऑड्री हे पाद्री होते आणि रेल्वेच्या छायाचित्रांसाठी नावाजलेले एरिक ट्रीसी हे चक्क बिशप होते. परलोकाची खात्री असलेल्या माणसांनाही स्विंडन आणि डॉन्कास्टर यांच्यातील निवाडा इहलोकीच लागावा असे का वाटते, हा धर्मशास्त्राचा प्रश्न असल्यामुळे तो येथे बाजूला ठेवणे इष्ट.

वादाची मांडणी कळण्यासाठी थोडा इतिहास लागतो. पहिल्या महायुद्धानंतर संसदेने कायदा करून शंभरावर रेल्वे कंपन्यांची मोट बांधली आणि १ जानेवारी १९२३ पासून देशात चार मोठ्या कंपन्या उरल्या: स्विंडनच्या कारखान्यात इंजिने घडवणारी ग्रेट वेस्टर्न, डॉन्कास्टरची लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न, क्रू आणि डर्बी यांच्या अंतर्गत भांडणातच अर्धी दमलेली लंडन मिडलंड अँड स्कॉटिश, आणि दक्षिणेकडची सदर्न. प्रत्येक कंपनीचा एक मुख्य यांत्रिक अभियंता असे आणि इंजिनाच्या बांध्यापासून शिट्टीच्या आवाजापर्यंत सर्वत्र त्याचा ठसा उमटे. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर या घराण्यांचे अभिमानी श्रोते ज्या निष्ठेने आपली गायकी मिरवतात आणि दुसऱ्याच्या तानेत खोट काढतात, तीच निष्ठा या इंजिनप्रेमींत दिसते. फरक असलाच तर एवढा की येथे गवई स्वतः एकमेकांच्या चिजा उघडउघड उचलत होते आणि हाडवैर तेवढे श्रोत्यांनी सांभाळले.

आधुनिक वादाचा नारळ फुटला तो १९२४ साली, वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात. तेथे दोन इंजिने शेजारी शेजारी उभी करण्यात आली. एक होते नायजेल ग्रेस्ली यांनी डॉन्कास्टरला घडवलेले ‘फ्लाइंग स्कॉट्समन’, लांबलचक आणि रुबाबदार ‘पॅसिफिक’. पॅसिफिक म्हणजे ज्याला पुढे वाट दाखवणारी चार छोटी चाके, मध्ये प्रत्यक्ष ओढकाम करणारी सहा मोठी चाके आणि मागे भट्टीचा भार पेलणारी दोन चाके असतात असे इंजिन, ज्याची रचना ४-६-२ अशी लिहिली जाते. दुसरे होते स्विंडनच्या चार्ल्स कॉलेट यांचे ‘केअरफिली कासल’, ४-६-०, म्हणजे मागची जोडी नसलेले, अंगाने लहान, पण धुराड्यावर लखलखीत तांब्याची टोपी घातलेले. या लहानग्याजवळ ग्रेट वेस्टर्नने फलक लावला की ब्रिटनमधील सर्वांत शक्तिमान प्रवासी एक्सप्रेस इंजिन ते हेच. दावा कर्षणबलाच्या आकड्यांवर उभा होता: ‘कासल’चे ३१,६२५ पौंड, तर ‘स्कॉट्समन’चे २९,८३५. कर्षणबल म्हणजे सिलिंडरचा व्यास, दट्ट्याची धाव, चाकाचा व्यास आणि बॉयलरमधील वाफेचा दाब यांवरून कागदावर काढलेली ओढण्याची ताकद. ही ताकद प्रत्यक्ष वेगात किती काळ टिकेल हे बॉयलर किती वाफ पुरवू शकते यावर ठरते, आणि बॉयलर डॉन्कास्टरचे मोठे होते. त्यामुळे एक पक्ष तेव्हापासून म्हणत आला आहे की स्विंडनचे इंजिन हिशेबाच्या वहीत फार जोरात ओढते, आणि दुसरा पक्ष उत्तर देतो की ज्यांना आकडे सोसत नाहीत त्यांनी गणिताच्या वाटेला जाऊ नये.

पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्यांनी इंजिनांची अदलाबदल करून हा प्रश्न रुळांवर सोडवायचे ठरवले. ‘पेंडेनिस कासल’ किंग्ज क्रॉसहून उत्तरेकडे धावू लागले आणि ‘व्हिक्टर वाइल्ड’ नावाचे पॅसिफिक पॅडिंग्टनहून पश्चिमेकडे गेले. किंग्ज क्रॉसचा फलाट सुटताच बोगद्यातून चढ लागतो. तेथे हा चिमुकला पाहुणा जागच्या जागी चाके फिरवत बसेल या आशेवर असलेल्यांची साफ निराशा झाली, कारण ‘कासल’ने गाडी मुकाट्याने उचलली, वेळ पाळली आणि वर कोळसाही कमी खाल्ला. यावर ग्रेस्ली यांनी शहाण्या माणसाने करावे तेच केले. सिलिंडरमध्ये वाफ केव्हा आणि किती शिरू द्यायची हे झडप ठरवते, आणि झडपेची हालचाल जितकी लांब तितकी वाफ मोकळेपणाने आत-बाहेर होऊन थोड्या वाफेत जास्त काम निघते. तेव्हा त्यांनी झडपांची हालचाल लांबवली आणि पुढच्या पॅसिफिकांमध्ये वाफेचा दाब दर चौरस इंचाला १८० पौंडांवरून २२० वर नेला. डॉन्कास्टरनिष्ठांच्या परिभाषेत याला ‘विकास’ म्हणतात आणि स्विंडननिष्ठांच्या परिभाषेत ‘उसनवारी’.

परंतु उसनवारीचा मुद्दा स्विंडनने फार ताणू नये असे तटस्थ अभ्यासकाला वाटल्यावाचून राहत नाही. ज्यांच्या पायावर ‘कासल’ उभे राहिले त्या जॉर्ज चर्चवर्ड यांनी १९०३ साली खुद्द फ्रान्सहून एक इंजिन विकत आणून त्याचा कसून अभ्यास केला होता, आणि ब्रिटनमधले पहिले पॅसिफिकही १९०८ साली स्विंडननेच बांधले होते. ‘द ग्रेट बेअर’ हे त्याचे नाव. ते इतके जड निघाले की कंपनीच्या फारच थोड्या मार्गांवर त्याला पाय ठेवता येई, आणि अखेर त्याचे भाग सोडवून त्यातून ‘कासल’ वर्गाचे इंजिन करण्यात आले, तेही नेमके १९२४ साली, म्हणजे वेम्ब्लीचा फलक झळकत होता त्याच वर्षी. पॅसिफिक ही निरुपयोगी कल्पना आहे असे स्विंडनचा अभिमानी ठासून सांगतो तेव्हा तो स्वानुभवाचे बोल सांगत असतो, हे त्याच्या लक्षात आणून देणाऱ्याला त्या दिवशी चहा स्वतःच्या पैशाने प्यावा लागतो.

उरलेल्या दोन कंपन्यांची वंशावळ पाहिली म्हणजे तर शुद्ध रक्ताचा दावा पुरता मोडीत निघतो. लंडन मिडलंडने १९२६ साली ‘लॉन्स्टन कासल’ उसने आणून चालवून पाहिले, आणि १९३२ मध्ये विल्यम स्टॅनियर या स्विंडनमध्येच वाढलेल्या अभियंत्याला आपल्याकडे ओढून घेतले. त्याने स्विंडनचे पुढे निमुळते होत जाणारे बॉयलर बरोबर नेले आणि त्यातून पुढे ‘ब्लॅक फाइव्ह’ नावाची, कोठल्याही कामाला जुंपता येतील अशी ८४२ इंजिने निघाली. सदर्नने १९३७ साली ऑलिव्हर बुलीड यांना नेमले, ते डॉन्कास्टरला ग्रेस्लींचे मदतनीस होते. म्हणजे नकाशावर चार राज्ये दिसत असली तरी सगळी सोयरीक आपसातच झालेली होती. ही वस्तुस्थिती सर्व पक्षांना तोंडपाठ आहे आणि तिचा वादावर काडीचाही परिणाम होत नाही.

वेगाच्या विक्रमांचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण येथे प्रत्येक आकड्याला शेपूट असते. ९ मे १९०४ रोजी ग्रेट वेस्टर्नच्या ‘सिटी ऑफ ट्रुरो’ने टपालाची खास गाडी घेऊन वेलिंग्टनचा उतार उतरताना ताशी १०२.३ मैल वेग गाठला, असे गाडीत बसलेले पत्रकार चार्ल्स रूस-मार्टेन यांच्या हातातील घड्याळाने सांगितले. कंपनीने तेव्हा हा आकडा जाहीर केला नाही, कारण आपली आजी टपालाबरोबर इतक्या वेगाने येत आहे हे ऐकून लोक धास्तावतील अशी भीती त्या काळी वाजवी होती. एका माणसाच्या एका घड्याळावर शंभरी मोजायची की नाही यावर मंडळी शंभर वर्षांहून अधिक काळ खल करीत आहेत. डॉन्कास्टरचे लोक आपले ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ पुढे करतात, ज्याची १९३४ ची शंभरी यंत्राने नोंदलेली आहे, आणि स्विंडनचे लोक विचारतात की मग तीस वर्षे तुम्ही काय करीत होता.

लंडन मिडलंडचा विक्रम सर्वांत खमंग. २९ जून १९३७ रोजी ‘कॉरोनेशन’ हे निळ्या अंगावर रुपेरी पट्टे ओढलेले इंजिन पाहुण्यांनी भरलेली गाडी घेऊन क्रूकडे निघाले. डॉन्कास्टरचा तेव्हाचा आकडा ताशी ११३ मैल होता आणि तो मोडायचा तर क्रू येण्यापूर्वीच मोडणे भाग होते. इंजिनावरील नोंदीनुसार वेग ११४ भरला, म्हणजे हवा होता तेवढाच आणि वर एक मैल चिल्लर; गाडीतल्या घड्याळवाल्यांचा हिशेब मात्र किंचित कमी पडला. इतक्यात क्रूचा सांधा समोर आला, जेथे ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि गाडी शिरली सत्तावन्नने. सांधा म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवणारी जागा. रूळ टिकले, डबे टिकले, पाहुणेही टिकले. स्वयंपाकाच्या डब्यातील चिनी मातीच्या बशा मात्र जमिनीवर आल्या. तेव्हापासून लंडन मिडलंडच्या अभिमान्याने तोंड उघडले की प्रतिपक्षातील कोणीतरी अत्यंत काळजीच्या सुरात बशांची विचारपूस करतो.

पुढच्याच वर्षी, ३ जुलै १९३८ रोजी, डॉन्कास्टरच्या ‘मॅलर्ड’ने स्टोकच्या उतारावर ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर गाठले आणि वाफेच्या इंजिनाचा तो जागतिक विक्रम अद्याप कायम आहे. ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे, मागे सात डब्यांची सुमारे २४० टनांची गाडी. यात खोट काढायला दोन जागा आहेत आणि दोन्ही रोज वापरात आहेत. पहिली उताराची: जर्मनीच्या ‘०५-००२’ या इंजिनाने १९३६ मध्ये बर्लिन-हॅम्बुर्ग मार्गावर जवळजवळ सपाटीवर ताशी २००.४ किलोमीटर गाठले होते, तेव्हा ‘मॅलर्ड’ धावले की घरंगळले, असा प्रश्न विचारला जातो. त्यावर जर्मन गाडी हलकी होती हे उत्तर तयार असते. दुसरी खोट बेअरिंगची. ग्रेस्लींच्या इंजिनांना तीन सिलिंडर असत आणि बाहेरच्या दोन सिलिंडरांच्या झडपांच्या हालचालीवरूनच तरफांच्या चतुर जोडणीने मधल्याची झडप हलवली जाई. कल्पना सुरेख, पण सांधे झिजले की सगळी ढिलाई मधल्या सिलिंडरच्या वाट्याला येई आणि वेगात त्याचे बेअरिंग तापे. बेअरिंग तापल्याची वर्दी मिळावी म्हणून तेथे बडीशेपेसारख्या उग्र वासाची कुपी बसवलेली असे, आणि विक्रमाच्या दिवशी ‘मॅलर्ड’ने हा वास सोडला व पीटरबरोला ते बाजूला काढावे लागले. जगातला सर्वांत वेगवान सुवास, असे स्विंडनचे लोक यॉर्कच्या संग्रहालयात त्या निळ्या इंजिनासमोर उभे राहून, पहारेकऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात.

या साऱ्यांत बुलीडचे अनुयायी वेगळे ओळखू येतात, कारण हा एकच संप्रदाय असा आहे की ज्याचे सदस्य आपल्या दैवताचे दोष इतरांच्या आधी आणि अधिक तपशिलाने सांगतात. दुसऱ्या महायुद्धात एक्सप्रेस इंजिने बांधण्यावर बंधने होती. बुलीड यांनी ‘मर्चंट नेव्ही’ वर्गाचे भलेथोरले पॅसिफिक बांधले आणि कागदोपत्री त्याला मिश्र वाहतुकीचे, म्हणजे मालगाडीही ओढणारे इंजिन म्हटले, आणि हे सरकारी कार्यालयात खपले. १९४१ साली आलेल्या पहिल्या इंजिनाचा क्रमांक ‘२१सी१’ असा होता. पुढे दोन आस, मागे एक आस, मध्ये ओढणाऱ्या तीन आसांसाठी वर्णमालेतले तिसरे अक्षर, आणि शेवटी अनुक्रमांक, असा त्याचा उलगडा होता, जो नोंदवही घेऊन फलाटावर उभ्या राहणाऱ्या शाळकरी पोरांना झाला आणि कारकुनांना कधी झाला नाही. अंगावर सपाट पत्र्याचे आवरण होते, त्यावरून त्याला डबाबंद मांसाच्या डब्याचे, म्हणजे ‘स्पॅम कॅन’, हे नाव पडले. खरी करामत आत होती. झडपांची यंत्रणा साखळ्यांनी चालवून ती तेलाने भरलेल्या बंद पेटीत ठेवली होती, हेतू असा की रोजच्या वंगणाची कटकट मिटावी. प्रत्यक्षात पेटी गळे, तेल चाकांवर येऊन ती घसरत, आणि बॉयलरभोवतालच्या आच्छादनात मुरलेले तेल अधूनमधून पेट घेई. धावत्या इंजिनाला बाहेरून आग लागणे ही रेल्वेच्या इतिहासात अपवादात्मक घटना असली तरी सदर्नच्या फायरमनांना तिचा सराव झाला होता, असे प्रतिपक्ष म्हणतो, आणि बुलीडपंथी ते नाकारत नाहीत. ते फक्त एवढेच सांगतात की पेटलेले नसे तेव्हा वाफ देण्यात त्या बॉयलरचा हात धरणारे दुसरे नव्हते, आणि दुर्दैव असे की हे खरे आहे.

१९५६ पासून ब्रिटिश रेल्वेने तीसही ‘मर्चंट नेव्ही’ इंजिने उघडून पेटी, साखळ्या आणि पत्रा काढून टाकला व नेहमीची यंत्रणा बसवली. त्यांच्या हलक्या भावंडांपैकी मात्र ११० पैकी ६० चाच जीर्णोद्धार झाला आणि ५० मूळ रूपात राहिली. त्यामुळे संप्रदायात फूट पडून मूळपंथी आणि सुधारणावादी असे दोन गट झाले. सुधारणावाद्यांच्या मते बुलीड यांचे उत्तम इंजिन इतरांनी बुलीड यांच्यापासून वाचवले. मूळपंथीयांच्या मते ज्याला आग लागत नाही ते इंजिन कसले. हलक्या वर्गातील जी वीस इंजिने आज शिल्लक आहेत त्यांत दहा मूळ आणि दहा सुधारित आहेत, यावरून हा वाद मिटू नये अशी नियतीचीच इच्छा दिसते.

राष्ट्रीयीकरणानंतर लगेच, १९४८ साली, ब्रिटिश रेल्वेने सर्व कंपन्यांची इंजिने एकमेकांच्या मार्गांवर धाडून शास्त्रशुद्ध परीक्षा घेतली. निष्कर्ष म्हणावा असा एवढाच की प्रत्येक पक्षाच्या हाती एकेक सबब आली. ग्रेस्लींच्या इंजिनांनी कोळसा सर्वांत कमी खाल्ला, पण मधले बेअरिंग तापवून घेतले. बुलीडच्या इंजिनांनी दणदणीत धावा काढल्या, पण कोळशाचा डोंगर फस्त केला. आणि स्विंडनचे ‘किंग’ वर्गाचे इंजिन अंगाने इतके रुंद निघाले की बऱ्याच मार्गांवरील फलाटांच्या कडा त्याला आडव्या आल्या, शिवाय वेल्सच्या उंची कोळशावर पोसलेल्या त्याच्या भट्टीला यॉर्कशरचा कोळसा मानवला नाही. पाहुणचार बरा नव्हता, ही तक्रार अजून चालू आहे.

ज्या एका प्रकरणात इंजिनप्रेमींनी बोलणे थांबवून हात काळे केले ते ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’चे. १९५४ साली बांधलेले हे आपल्या वर्गातले एकमेव पॅसिफिक. पुरेशी वाफ करीत नाही म्हणून सर्व पक्षांनी त्याला एकमताने नालायक ठरवले होते. ते साऊथ वेल्समधील बॅरी येथील भंगारवाल्याकडे गेले. बॅरीच्या त्या आवारात २९७ इंजिने आली आणि तोडायचे काम रेंगाळल्यामुळे त्यांतील २१३ हौशी लोकांनी सोडवून नेली, तेव्हा आजच्या वादांचा बराचसा कच्चा माल तेथलाच. ‘ड्यूक’चा एक सिलिंडर संग्रहालयात मांडण्यासाठी आधीच कापून नेलेला होता. तरीही एका संस्थेने १९७४ मध्ये ते विकत घेतले, वर्षानुवर्षे खपून उभे केले, आणि जुळणी करताना उघडकीस आले की भट्टीला हवा पुरवणारी तळची वाट मूळ आराखड्यापेक्षा लहान बांधलेली होती आणि धुराड्याची मापेही चुकलेली होती. या चुका दुरुस्त होताच ते नालायक इंजिन ब्रिटनमधल्या उत्तम इंजिनांच्या पंक्तीला जाऊन बसले. या घटनेने वादी मंडळींना जी शिकवण मिळाली ती धोक्याची आहे: आपले लाडके इंजिन जेथे जेथे हरले तेथे कोणीतरी मापे चुकवली असणार, असे आता कोणीही म्हणू शकतो आणि म्हणतो.

अरुंद रुळांची मंडळी या हमरीतुमरीपासून अंतर राखून असतात, आणि त्यांच्या बोलण्यात कधी कधी एकदम बार्शीचे नाव येऊन मराठी माणूस दचकतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू केली, जी पुढे वारकऱ्यांना पंढरपुरापर्यंत नेऊ लागली. इंजिन असो वा डबा, प्रत्येक आसावर सारखाच, पाच टनांपर्यंत भार यावा हे त्याचे तत्त्व होते, म्हणजे हलक्या रुळांवर भरपूर माल जातो. हाच अनुभव घेऊन त्याने १९०४ साली स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे उभारली आणि तिची इंजिने अशी घडवून घेतली की इंग्लंडच्या हिरव्या दरीतून सोलापूर जिल्हा चालला आहे असे वाटावे. ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली, तरी तिचे भक्त मोठ्या इंजिनांच्या वादात शेवटी हळूच सांगतात की खरा शास्त्रीय विचार कुर्डुवाडीच्या बाजूला झाला होता.

स्विंडनवर होणारा सर्वांत जुना आरोप असा की त्याची सगळी इंजिने एकसारखी दिसतात. आरोपात तथ्य आहे, कारण चर्चवर्ड यांनी बॉयलर, सिलिंडर, चाके यांचे मोजके ठरावीक नमुने करून तेच निरनिराळ्या प्रकारे जोडण्याची पद्धत घालून दिली होती, आणि १९२४ साली त्यांच्या ‘सेंट’ वर्गातील एका इंजिनाला लहान चाके बसवून त्यातून ‘हॉल’ हा नवा वर्ग काढण्यात आला. ‘सेंट’ इंजिने १९५३ पर्यंत सगळी भंगारात गेली, एकही उरले नाही. डिडकॉट येथील स्विंडननिष्ठांना याची हुरहूर होती. म्हणून त्यांनी बॅरीहून आणलेले एक ‘हॉल’ घेतले, त्याची सहा फुटी चाके काढून सहा फूट साडेआठ इंचांची बसवली, इतर आवश्यक फेरफार केले आणि २०१९ साली ‘लेडी ऑफ लेजेंड’ या नावाने एक अस्सल ‘सेंट’ रुळांवर आणले. काम अतिशय देखणे झाले आहे, हे डॉन्कास्टरचे लोकही मान्य करतात, आणि मान्य करून झाल्यावर विचारतात की चाके बदलण्यापूर्वी आणि नंतर ते ओळखायचे कसे. त्यावर स्विंडनचा गृहस्थ शांतपणे तांब्याच्या टोपीकडे बोट दाखवून सांगतो की हल्ली ते साडेआठ इंच मोठ्या चाकांवरून दिसते, आणि मॅलर्डसारखे वासावरून ओळखावे लागत नाही.